गोव्याला न पोचण्याचे चार दिवस

बेळगावातल्या कुणालाही जांबोटी म्हणजे काय असं विचारा, तो सांगेल, गोव्याला जाताना चहाला थांबतात ते. आणि कणकुंबी? चोर्ला घाट लागायच्या आधी ज्यांना गाडी लागते त्यांनी तोंडात लिंबू धरायची जागा. टिळकवाडीत उभा जन्म काढून माझंही ज्ञान एवढंच होतं. त्या रस्त्याने शंभरेक वेळा तरी गेले असेन, पण दर वेळी नजर घड्याळावर आणि मन म्हापशाच्या बाजारात.

यंदा गणपती विसर्जनानंतर मामा डोळे तपासायला बेळगावला आले होते. मामा खानापुरात राहतात, वय ७३. तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत चौतीस वर्षं मास्तरकी केली. त्यांना म्हटलं, "मामा, गोव्याच्या वाटेनं फिरू या, पण गोव्याला नाही जायचं."

"मग कुठं?"

"मधेच."

मामींनी फोनवरून हरकत घेतली. पितृपंधरवड्यात कुणी सहलीला जातं का म्हणे. मामा म्हणाले, "पूर्वजांचीच देवळं बघायला चाललोय, त्यांची काय ना नसंल." ठरलं. मंगळवार ते शुक्रवार, माझी जुनी गाडी, रात्रीचा मुक्काम मामांकडेच.

मंगळवार

नवा चष्मा सकाळी मिळाला आणि मामा दिसेल ते वाचायला लागले. कन्नड पाटी, इंग्रजी पाटी, दुकानावरची मराठी पाटी, ट्रकच्या मागचं, भिंतीवरचं क्लासच्या जाहिरातीचं, सगळं मोठ्याने. चार दिवस हे चाललं. पण त्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, नीट बघितली, कारण तिथे वाचायला काही नव्हतं आणि मामा मुकाट झाले.

ही बसदी 1204 सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचण याने बांधवली. गर्भगृहात काळ्या दगडातले नेमिनाथ. पण नाव पडलंय ते छतावरून. मंडपाच्या मधोमध छतातून दगडी कमळ खाली उमललंय, पाकळ्यांवर पाकळ्या, आणि ते इतकं खाली झुकलंय की आता पाकळी गळेल असं वाटावं. मामा सरळ फरशीवर बसले, हात मागे टेकून वर बघत. मग मीही बसले. खांब लेथवर कातल्यासारखे गोल आणि गुळगुळीत आहेत, दाराकडून येणारा उजेड त्यांच्या कड्यांवरून घरंगळतो. रखवालदाराने आमच्याकडे एकदा बघितलं आणि काही बोलला नाही. बसून बघणारे रोज येत असावेत.

किल्ला लष्करी हद्दीला लागून आहे, जाताना ओळखपत्र जवळ ठेवलेलं बरं. सकाळी लवकर जा. शाळांच्या सहली सुरू झाल्या की त्या कमळाखाली उभं राहायलाही जागा मिळत नाही.

निघताना अर्धा किलो कुंदा घेतला. मामींसाठी म्हणून घेतलेला तो डबा देसूर येईपर्यंत उघडला होता. दूध आटवून आटवून तांबूस झालेला, दाताखाली किंचित रवाळ लागणारा कुंदा पानावर घेऊन खायचा दिवस गेला, आता प्लॅस्टिकचा चमचा देतात. चवीत फरक नाही, मामांच्या मते आहे.

खानापूर जेमतेम पंचवीस किलोमीटर. गाव मलप्रभेच्या काठी आणि चिकणमातीवर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. इथली कौलं आणि विटा एके काळी दूरदूर जात. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही इथेच आहे. आता घरांवर पत्रे आणि स्लॅब आले. मामांच्या घराच्या मागे एका बंद कौलकारखान्याचं धुराडं आहे, त्याच्या टोकावर पिंपळ उगवलाय. आवारात फुटक्या कौलांची रास. मी एक अख्खं कौल उचललं तर त्याच्या पाठीवर ओल्या मातीत उमटलेली कुणाची तरी चार बोटं होती, भाजून पक्की झालेली. परत ठेवलं. मग पुन्हा उचललं, ते आता माझ्या बाल्कनीत आहे.

संध्याकाळी असोग्याला गेलो. खडकांमधून मलप्रभा खळाळत जाते, काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ. पावसाची भुरभुर सुरू होती. पाण्याचा रंग चहाचा. कपडे धुणाऱ्या एका बाईंनी मामांना ओळखलं आणि ओल्या हातांनीच नमस्कार केला. हे चार दिवस असंच होणार आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रात्री मामींनी अळूचं फदफदं केलं होतं, त्यात उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. बरोबर नाचण्याची भाकरी. कुंद्याच्या डब्यात किती उरलंय हे त्यांनी झाकण उघडून बघितलं, एवढंच.

बुधवार

नंदगड, मग हलशी. दोन्ही एकाच वाटेवर, मध्ये ऊस आणि भात. भात पोटरीला आलं होतं. बांधांवर तेरडा नुसता माजला होता.

नंदगड ही जुनी बाजारपेठ. इथे 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. कित्तूरच्या चन्नम्मा राणीच्या पराभवानंतरही हा माणूस गोरगरिबांची फौज घेऊन लढत राहिला, कचेऱ्या जाळत, खजिने लुटत. गावाबाहेर त्याची समाधी आहे, वर मोठा वड. त्याच्या एका साथीदाराने वेश पालटून येऊन हे झाड लावलं असं सांगतात. मामा म्हणाले, त्यांच्या मराठी शाळेतली पोरं दर वर्षी इथे यायची आणि पलीकडच्या कन्नड शाळेचीही. घोषणा वेगवेगळ्या भाषांत, चिरमुऱ्याची पुडी एकच. वडाखाली आम्ही दहा मिनिटं बसलो. एक माणूस पानं झाडत होता. झाडून झालेल्या जागेवर पुन्हा पानं पडत होती, त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

हलशीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि पोटात भूक होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात उप्पीट आणि शिरा, एकाच बशीत शेजारी शेजारी. आमच्याकडे ही जोडी मोडायची पद्धत नाही.

आता हलशी. या गावाचं जुनं नाव पलाशिका. बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी. पाचव्या शतकात मृगेशवर्म्याने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ इथे जिनालय बांधलं, ते इथेच सापडलेल्या ताम्रपटांमुळे कळलं. त्यानंतर सातशे वर्षांनी गोव्याचे कदंब आले. गोव्याच्या सरकारी बसवर 'कदंब' लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचतो, ते हेच. म्हणजे मी गोव्याला न जाता हलशीला आले आणि गोव्याच्या राजांच्या दारात उभी राहिले. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "राजांचं सोड, बस बेळगावपर्यंत येते ती वेळेवर येते काय बघ."

भूवराह नरसिंहाचं देऊळ गावाच्या मधोमध आहे आणि बाहेरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. साधा तट, साधं दार. आत गेलं की चौक, आणि कदंबांची खूण असलेलं पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं शिखर. पुजारीकाका किल्ल्या घेऊन आले. देवळाची गंमत अशी की गाभारे दोन आणि ते समोरासमोर. एकात नरसिंह, दुसऱ्यात भूवराह, मधे मंडप. शिलालेखांप्रमाणे नरसिंहाच्या बाजूची स्थापना 1169 मधली, शिवचित्त पेर्माडी राजा असताना. समोरचा वराह 1186-87 मधला, पेर्माडीचा भाऊ विजयादित्य याच्या काळातला. या भावाचं बिरुद विष्णुचित्त. एक भाऊ शिवचित्त, दुसरा विष्णुचित्त. आईने कुणालाच नाराज केलं नसावं.

मामा मंडपाच्या मधे उभे राहिले आणि अडकले. नरसिंहाला हात जोडावे तर वराहाकडे पाठ, वराहाकडे वळावं तर नरसिंहाकडे. दोनदा वळले. पुजारीकाकांनी हे रोज बघितलेलं असणार.

"आडवं बसा, गुरुजी," ते म्हणाले.

मामा भिंतीकडे तोंड करून आडवे बसले, एक देव उजवीकडे, एक डावीकडे. मग काकांनी आतला दिवा बंद केला आणि बॅटरीचा झोत वराहाच्या पायापासून हळूहळू वर नेला. माणसाची भरदार छाती, खांदे, आणि मग एकदम वर उचललेलं रानडुकराचं मुस्कट. सोबत भूदेवी, त्याच्या मानाने एवढीशी. ट्यूबलाइटच्या उजेडात ही मूर्ती नुसती काळी दिसते. झोत बाजूने पडला तेव्हा मुस्कटावरच्या वळ्या दिसल्या. एरवी आपण पाच मिनिटांत हात जोडून बाहेर पडलो असतो, म्हणून सांगते, काकांना बॅटरी आहे का विचारा आणि दक्षिणा देताना हात आखडता घेऊ नका. सूर्यनारायण आणि महालक्ष्मीही आवारात आहेत, तेही बघा.

गावात आणखी देवळं विखुरलीत, कलमेश्वर, सुवर्णेश्वर, गोकर्णेश्वर. काहींच्या अंगणात कडबा आणि कोंबड्या. सुवर्णेश्वराचे खांब उभे आहेत, छप्पर बरंचसं गेलंय, आणि आम्ही गेलो तेव्हा दगडांवर कुणीतरी वाकळा वाळत घातल्या होत्या. मला ते वाईट दिसलं नाही. कुंपण घालून तिकीट लावलेल्या देवळापेक्षा त्या वाकळा बऱ्या.

एक सूचना. कमलनारायणाचं देऊळ बघायचं असेल, जे पेर्माडीची राणी कमलादेवी हिने बांधवलं, तर त्याचं गाव देगाव आहे, कित्तूरच्या बाजूला. आणि म्हादई नदी उगम पावते तेही देगावच, पण ते दुसऱ्या टोकाला, भीमगडच्या जंगलात. मोबाइलला नुसतं 'देगाव' सांगून निघालात तर राणीच्या देवळाऐवजी गव्यांच्या कळपात पोचाल. आम्हाला त्याने आधी जंगलातलंच दाखवलं होतं. मामा होते म्हणून वाचलो.

गुरुवार

हा दिवस मामांचा होता. 1975 मध्ये त्यांची पहिली नेमणूक हेम्माडग्याच्या पलीकडे, रानातल्या एका गावात झाली. एकशिक्षकी शाळा, खानापुरातून शिरोलीपर्यंत मिळेल त्या वाहनाने आणि पुढे पायी. पावसाळ्याचे चार महिने गावाचा जगाशी संबंध एका साकवापुरता. त्या गावाला ते निवृत्तीनंतर एकदाही गेले नव्हते.

शिरोली मागे पडलं आणि रस्त्यावर झाडं मिटली. भर दिवसा दिवे लावावे लागले. मोबाइलची रेंज हेम्माडग्याच्या आधीच गेली. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटर. नाव आलंय ते आतल्या शिवकालीन किल्ल्यावरून. गावं मात्र अभयारण्याच्या किती तरी आधीची. ती अजून आत आहेत, आणि रस्ता, वीज, दवाखाना यातलं काय मागावं आणि काय सोडून बाहेर निघावं, हा त्यांचा रोजचा विषय आहे.

नाक्यावर आमची गाडी अडवली. परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. पहारेकरी तरुण होता, अदबीने बोलत होता, आणि त्याचं बरोबर होतं. चूक माझी. खानापुरातच वनखात्याच्या कचेरीत विचारून निघायला हवं होतं. तुम्ही तसं करा. पावसाळ्यात तालुक्यातल्या धबधब्यांवरही बंदी असते. वज्रपोहा धबधब्याच्या ओढीने कुणी चोरवाटेने जाऊ नये, तिथला खडक शेवाळलेला असतो आणि मदतीला माणूस नसतो.

मामांनी वाद घातला नाही. गाडीतून उतरून नाक्याच्या बाकावर बसले, जणू बसची वाट बघतायत. वीसेक मिनिटांनी आतल्या बाजूकडूनच एक मोटरसायकल आली. चालवणारा पन्नाशीचा गृहस्थ, खांद्यावर गोणपाटाची खोळ, मागे दुधाचं कॅन. नाक्याशी थांबला, मामांकडे बघत राहिला, आणि गाडी स्टँडला न लावताच सोडली. गाडी पडली. कॅन घरंगळलं.

"गुरुजी? वळखलासा काय मला?"

मामांनी त्याला नावाने नाही, हजेरीपटावरच्या नंबराने हाक मारली. सात. तो सात नंबर तिथेच रडायला लागला.

पुढचं सगळं त्याने ठरवलं. गावकऱ्याच्या घरचा पाहुणा म्हणून वहीत नोंद झाली, पहारेकऱ्याने वर विचारून होकार आणला, पण एकाच माणसाचा. मोटरसायकलवर जागाही एकाचीच होती. मामा, वय ७३, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, नवा चष्मा रुमालात बांधून खिशात ठेवून, मागे बसले आणि दिसेनासे झाले. मी नाक्यावर.

अडीच तास. मी त्या अडीच तासांचंही वर्णन करणार आहे, कारण या चार दिवसांत मी एरवी कुठेच इतकं काही बघितलं नाही. आधी जळवा. बाकाखालच्या पानांतून त्या उभ्या राहून डोलत येतात, टाचणीएवढ्या, आणि मोज्याच्या विणीतूनही शिरतात. पहारेकऱ्याने तंबाखू आणि चुना पाण्यात कालवून माझ्या बुटांना चोपडला. मीठही चालतं. चिकटलेली जळू ओढायची नाही. मग धनेश आला. आधी तो दिसला नाही, ऐकू आला. पंखांचा आवाज कुणी जुना पंपस्टोव्ह मारावा तसा, सूं सूं सूं. पहारेकऱ्याने मान वर न करता सांगितलं, जोडीनं आहेत, दुसरा येईल. आला. एक शेकरू आमच्या डोक्यावरच्या फांदीवर पोट टेकवून, शेपूट खाली सोडून झोपलं होतं, ते मला दीड तासानंतर दिसलं. तोवर मी त्याला वेलीचं गाठोडं समजत होते.

पहारेकऱ्याने काळा चहा केला, गवती चहा घालून. त्याने मला बारापेडे गुहांतल्या वटवाघळाची गोष्ट सांगितली. रॉटन नावाच्या इंग्रजाच्या नावाने ओळखलं जाणारं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ, 1913 मध्ये शास्त्रात नोंदलं गेलं आणि मग कित्येक वर्षं साऱ्या जगात फक्त या गुहांमध्येच माहीत होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. "त्यांचं लई नाव हाय," तो म्हणाला, "आमची शिरोली कुणाला ठावं नाही, पण ह्या वटवागळासाठी परदेशातनं चौकशी येते."

मामा परत आले ते हातात तवसं, म्हणजे मोठी काकडी, घेऊन, दीड हात लांब, पिवळं पडलेलं. कपड्यांवर चिखल. मी विचारलं, शाळा आहे का. म्हणाले, आहे. इमारत नवी आहे. घंटा तीच आहे. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, लोंढा जंक्शनहून त्यांनी स्वतः डोक्यावर आणलेला, आंब्याच्या फांदीला तारेने टांगलेला. आंबा तोडला, आता ती व्हरांड्याच्या वाशाला आहे. एवढं सांगून गाडीत बसले आणि चष्मा घातला, पण परतीच्या वाटेवर एकही पाटी वाचली नाही.

येताना शिरोलीच्या अलीकडे भाताच्या शेतात माळा दिसला, चार वाशांवरचं गवताचं छप्पर. त्यावर एक आजोबा तेलाचा रिकामा डबा बडवत होते. गवे संध्याकाळीच उतरतात म्हणाले, रात्री तर झोपच नाही. पीक पोटरीत आलं की महिनाभर घरातला एक माणूस वरच. आम्ही हात केला, त्यांनी डबा बडवूनच उत्तर दिलं.

शुक्रवार

जांबोटीच्या रस्त्याने निघालो. हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी थांबलो. हा स्वयंभू मारुती मलप्रभेच्या अगदी पात्रात म्हणावा असा आहे, मोठ्या पावसात देऊळच पाण्याखाली जातं. पाणी उतरलं होतं, पण वरच्या भिंतीवर गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. गुरव गाळ ओढून काढत होता. देवाला शेंदूर दर वर्षी नव्याने लावावा लागतो.

जांबोटीत मी पहिल्यांदा चहाच्या टपरीच्या पलीकडे गेले. आठवड्याचा बाजार नव्हता, तरी रस्त्याकडेला बायका अळंब्या घेऊन बसल्या होत्या, सागाच्या पानात गुंडाळलेल्या. हंगाम संपत आला होता. मी भाव केला नाही, मामांनी केला आणि हरले. पेट्रोल भरून घ्या, रोख पैसे ठेवा. पुढे चोर्ल्यापर्यंत यातलं काही मिळेलच असं नाही. धुकं असेल तर पिवळे दिवे लावून सावकाश जा. गोव्याकडे पळणाऱ्या गाड्या वळणावरही थांबत नाहीत. मी स्वतः तशीच चालवत आले आहे, म्हणून माहीत.

कणकुंबी जांबोटीपासून सोळा किलोमीटर पश्चिमेला. पाऊस इथे दुसऱ्या जातीचा. खानापुरात भुरभुर होती ती इथे आडवी येऊन खिडकीच्या फटीतून आत. घरांच्या पावसाकडच्या भिंतींना अजून गवताचे झाप बांधलेले होते. लोकांच्या मराठीत कोकणी मिसळलेली. मामा दर दहा किलोमीटरला आपली बोली बदलत होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

माउलीचं देऊळ, शेजारी रामेश्वर, आणि मलप्रभेचं कुंड. मामांनी मला कुंडाच्या पायरीवर उभं केलं आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "मलप्रभेची लांबी?"

"तीनशे चार किलोमीटर." हे मला त्यांनीच चौथीत पाठ करून घेतलेलं. कणकुंबीला उगम, सौंदत्तीजवळ नवलतीर्थाचं धरण, मग ऐहोळे-पट्टदकलच्या बाजूने जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, पुढे बंगालचा उपसागर. पाण्याकडे बघितलं. एवढंसं. शेवाळावर एक बेडूक, आणि तळाशी कुणीतरी टाकलेली नाणी. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना बघितलेल्या अथांग पाण्याचं हे मूळ आहे हे मनाला पटेना.

त्याहून न पटणारी गोष्ट थोड्या अंतरावर होती. त्याच गावच्या पलीकडच्या उतारावरचा कळसा नाला पश्चिमेकडे जातो. तो म्हादईला, म्हादई म्हणजेच पुढे मांडवी, पणजीला अरबी समुद्र. एकाच गावावर पडलेल्या पावसाची अशी वाटणी. आणि याच जागी माणसांनी भांडण मांडलं. कळसा-भांडुरा योजनेत हे पश्चिमेचं पाणी वळवून मलप्रभेत आणायचं. त्यासाठी खोदलेला कालवा अर्धवट पडलेला दिसतो, कडेला तांबड्या मातीचे ढीग, त्यावर आता गवत. म्हादईच्या पाणीवाटप लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निकाल दिला, कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवंय हे खरं आणि गोव्याची नदी इथूनच जन्मते हेही खरं. भांडण काही मिटलेलं नाही.

देवळासमोरच्या घरातल्या आजींना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. त्या तांदूळ निवडत होत्या. "पाणी आमच्या दारातनं दोनीकडं जातंय बाय," त्या म्हणाल्या, "आणि मार्चात मी घागर घेऊन खाली उतरते." मग सूप खाली ठेवून आत गेल्या आणि आमच्यासाठी तवसोळी घेऊन आल्या. तवसं किसून, रवा आणि गूळ घालून वाफवलेली, हळदीच्या पानाचा वास. मामांनी गाडीतलं कालचं तवसं आणून त्यांना दिलं. नको नको म्हणत त्यांनी ते दाराआड ठेवलं.

पुढे चोर्ल्यापर्यंत गेलो. घाटमाथ्यावर गाडी कडेला घेतली. खाली गोवा असणार, पण धुक्यात दहा हातांवरचं झाड दिसेना. कड्यावर सोनकी फुलली होती तेवढाच उजेड. मागून येणाऱ्या गाड्या एकामागून एक हॉर्न देत खाली उतरत होत्या. पणजीची कदंब बसही गेली, वेळेवर. मुलाचा फोन आला, रेंज गोव्याची लागली होती. "पोचलीस का?" मी म्हटलं नाही, वळतेय.

परतताना मामा झोपले. जांबोटीच्या टपरीवर गाडी लावली तेव्हा जागे झाले, चष्मा पुसला, समोरची पाटी वाचली, 'गरम भजी मिळेल', आणि मग काल नाक्यावर मी विचारलेलं आता विचारल्यासारखं उत्तर दिलं.

"पाच पोरं आहेत शाळेत. मी घंटा वाजवली."

"मग?"

"सुट्टी झाली म्हणून पाचही दप्तर घेऊन पळाली. मास्तरीण लहान आहे, पंचविशीची. चांगलीच रागावली मला."